एका टेबलातल्या तीन प्रकारच्या नौका: कंट्रोलर एक की तीन?

तिसवाडीकर

नमस्कार मंडळी.

साष्टीतल्या एका जेटीवरच्या मच्छीमार सोसायटीसाठी रेल्समध्ये (रुबी भाषेतली वेब फ्रेमवर्क) अ‍ॅप लिहितोय. सभासदांच्या नौका, परवान्यांच्या मुदती, इंधन, बर्फ, सगळी नोंद एका जागी यायला हवी. १ जूनला मासेमारीबंदी लागली की ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बांधून ठेवलेले असतात आणि मालक गावात सापडतात. सोसायटीला सगळी नोंदणी त्याच ६१ दिवसांत उरकायची आहे, म्हणजे फॉर्म त्याआधी चालू हवेत.

नौकांचे प्रकार नोंदणी क्रमांकात असतात तेच घेतलेत. क्रमांकाच्या सुरुवातीला आयएनडी-जीए, आणि पुढे यांत्रिक नौकेला एमएम, मोटर बसवलेल्या होडीला एमओ, बिनमोटरीच्या होडीला एनएम. टेबल एकच आहे, 'बोट्स', त्यात 'टाइप' कॉलम. 'बोट' हा पेरेंट क्लास आणि त्याखाली मेकनाइज्डबोट, मोटराइज्डबोट, नॉनमोटराइज्डबोट असे तीन सबक्लास. बहुतेक कॉलम तिघांना सारखे: मालक, लांबी, बांधणीचं वर्ष, जाळ्याचा प्रकार. फरक एवढाच की यांत्रिकीला आतलं इंजिन, बर्फाचा कप्पा आणि खलाशांची यादी लागते, मोटरवाल्या होडीला आऊटबोर्डची कंपनी आणि अश्वशक्ती लागते, आणि बिनमोटरीला यातलं काहीच नको.

आता अडलंय ते असं. तीन कंट्रोलर (ब्राउझरकडून आलेली विनंती हाताळणारे क्लास) केले तर इंडेक्सपासून अपडेटपर्यंत तेच ते तीनदा लिहावं लागतं. एक ठेवला तर 'फॉर्म_विथ' (रेल्सचा फॉर्म बनवणारा हेल्पर) ऐकत नाही, 'मोटराइज्ड_बोट्स_पाथ' नावाची मेथडच नाही म्हणून एरर फेकतो. शोधलं तर तीन जण तीन सल्ले देतात: मॉडेलचं 'मॉडेल_नेम' बदला, 'बिकम्स' वापरा, रूटमध्ये टाइप द्या. तुम्ही प्रत्यक्ष कामात काय करता?

पेडणे_नवा

चांगला धागा. एक मूलभूत प्रश्न, राग मानू नका: हा टाइप कॉलम नक्की काय करतो? आपण काहीच न लिहिता रेल्सला क्लास कसा कळतो?

फोंड्याचा_रुबीवाला

@पेडणे_नवा, राग कसला. टाइप कॉलममध्ये सबक्लासचं नाव मजकूर म्हणून साठतं. बोट.फाइंड म्हटलं की रेल्स ती ओळ वाचतं, टाइपमधलं नाव बघतं आणि थेट त्या सबक्लासचा ऑब्जेक्ट हातात देतं. मोटराइज्डबोट.फाइंड म्हटलं तर क्वेरीतच टाइपची अट लागते, त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या नौकेचा आयडी दिला तर रेकॉर्ड सापडत नाही आणि ४०४ जातो. पेरेंटवरून विचारलं तर अशी अट लागत नाही, सगळ्या नौका येतात. कॉलमचं नाव बदलायचं असेल तर 'इनहेरिटन्स_कॉलम' ही सेटिंग आहे.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट लगेच करून टाका: टाइप कॉलमला डेटाबेसमध्येच नॉट नल लावा. नुसता 'बोट' क्लासचा ऑब्जेक्ट सेव्ह झाला तर रेल्स टाइप रिकामा ठेवतं, आणि मग ती नौका कुठल्याच सबक्लासच्या यादीत दिसत नाही. नॉट नल असेल तर अशी ओळ आतच येत नाही.

@तिसवाडीकर, कंट्रोलर एकच ठेवा. सविस्तर रात्री लिहितो.

सांगे_डेव्ह

मी उलट बाजूने बोलतो. तीन कंट्रोलर म्हणजे तीनदा लिहिणं हे आता खरं नाही. रेल्स ३.१ पासून टेम्प्लेटचा शोध कंट्रोलरच्या वारसाप्रमाणे वर चढतो. बोट्सकंट्रोलरमध्ये सगळ्या अ‍ॅक्शन लिहा, बाकीचे तीन त्याच्यापासून काढा, प्रत्येकात मॉडेलचा क्लास आणि परमिट करायच्या (फॉर्ममधून स्वीकारायच्या) फील्डची यादी सांगणाऱ्या दोन मेथड. मोटराइज्ड_बोट्स फोल्डरमध्ये एडिटचं टेम्प्लेट नसेल तर रेल्स आपोआप बोट्स फोल्डरमधलं उचलतं. फॉर्म_विथ, रिडायरेक्ट, पार्शल सगळं जागच्या जागी चालतं, कारण रेल्सला हवी ती नावं तुम्ही दिलेली असतात.

आमच्या कामात हॉटेल आणि होमस्टे असेच एका टेबलात आहेत. दोन वेगळ्या खिडक्यांवरची माणसं ते अर्ज हाताळतात, परवानग्या वेगळ्या, छापील पावती वेगळी. तिथे एक कंट्रोलर ठेवला असता तर प्रत्येक अ‍ॅक्शनमध्ये 'हा कुठला प्रकार' ही जर-तर घुसली असती.

म्हापसा_सिक्युर

कुठलीही बाजू घ्या, पण युआरएलमधून आलेल्या टाइपवर 'कॉन्स्टंटाइझ' (मजकुरातल्या नावाचा क्लास करणारी मेथड) चालवू नका. अनेक जुन्या लेखांत पॅरॅम्समधला टाइप घेऊन त्याचा क्लास करून त्यावर न्यू बोलावलेलं दिसतं. बाहेरचा माणूस तिथे अ‍ॅपमधल्या कुठल्याही क्लासचं नाव लिहू शकतो. ब्रेकमन (रेल्सच्या कोडमधल्या सुरक्षेच्या चुका शोधणारं टूल) चालवलंत तर तो हीच ओळ दाखवील.

त्याऐवजी एक छोटा हॅश ठेवा. डाव्या बाजूला फॉर्ममधून येणारा शब्द, 'एमएम', 'एमओ', 'एनएम'. उजव्या बाजूला क्लास. 'फेच' ने काढा, आणि किल्ली सापडली नाही तर ४०० परत करा. बाहेरच्या जगाला क्लासची नावं कळायचं काही कारणच नाही.

तिसवाडीकर

@म्हापसा_सिक्युर, रेल्स ४ पासून बोट.न्यू ला टाइप दिला की तोच योग्य सबक्लास बनवतो, आणि नाव वंशातलं नसेल तर 'सबक्लासनॉटफाउंड' फेकतो. मग हॅशची गरज आहे का?

म्हापसा_सिक्युर

तो पहारा खरा आहे आणि परका क्लास तिथून आत येणार नाही. पण ती एरर तुम्ही पकडली नाहीत तर वापरणाऱ्याला ५०० दिसतो. शिवाय त्यासाठी टाइप परमिटच्या यादीत टाकावा लागतो, आणि एकदा तो यादीत गेला की तीच यादी अपडेटलाही वापरली जाते. तिथे मोठी अडचण आहे. अपडेटमध्ये टाइप आला की कॉलमची किंमत बदलते, पण हातातला ऑब्जेक्ट जुन्याच क्लासचा असतो, म्हणजे व्हॅलिडेशन जुन्या क्लासची चालतात. अश्वशक्ती रिकामी असलेली मोटरची होडी अशीच टेबलात जाऊन बसते. हॅश ठेवा, टाइप कुठेच परमिट करू नका.

दर्यावर्दी

मी टेस्टिंगमधली, कोड थोडाच लिहिते. पण आमचं घर होडीवाल्यांचं, म्हणून बोलते.

तुम्ही सगळे प्रकार म्हणजे नौकेची जात असल्यासारखं बोलताय. तसं नसतं. होडी एनएम म्हणून नोंदलेली असते, एखादा हंगाम चांगला जातो, मालक आऊटबोर्ड घेतो आणि ती एमओ होते. लाकूड तेच, मालक तोच, होडीवर रंगवलेलं देवाचं नाव तेच. मोटर बिघडली किंवा विकली तर उलटही होतं. सोसायटीच्या क्लार्कसाठी ती आधीपासून ओळखीचीच होडी आहे. त्याला तिच्या जुन्या इंधनपावत्या, जुनी थकबाकी त्याच पानावर दिसायला हवी.

आणि बंदीच्या काळात हाच प्रकार फार महत्त्वाचा होतो. गोव्यात १० अश्वशक्तीपर्यंतच्या आऊटबोर्डवर गिलनेट (मासे कल्ल्यांत अडकतात ते जाळं) लावणाऱ्या होड्यांना बंदीत सूट असते, ट्रॉलर आणि पर्सीनवाल्यांना (माशांच्या थव्याला घेरणारं मोठं जाळं) नसते. चुकीचा प्रकार नोंदला गेला तर ज्याचं पोट त्या दोन महिन्यांत होडीवरच चालतं त्याचंच इंधन अडकेल. म्हणून प्रकार बदलण्याची सोय नीट करा, सगळ्यात आधी करा.

फोंड्याचा_रुबीवाला

@दर्यावर्दी ताई, मी रात्री जे लिहिणार होतो त्याचा कणा तुम्हीच मांडलात. आता तपशील.

होडीचा प्रकार बदलू शकतो, मग तिचा पत्ता प्रकारावर बांधायचा नाही. सांगे_डेव्ह यांच्या पद्धतीने नॉन_मोटराइज्ड_बोट्स/४१ असा पत्ता केला, तर मोटर बसवल्या दिवशी तो पत्ता ४०४ देऊ लागेल, क्लार्कने जपून ठेवलेली लिंक मेली. बोट्स/४१ हा पत्ता होडी टेबलात आहे तोवर जगतो. कंट्रोलर हा पत्त्याचा असतो, क्लासचा नसतो. वापरणारा एक, काम एक, पत्ता एक, तर कंट्रोलर एक. होमस्टे उद्या हॉटेल होत नाही आणि खिडक्याही दोन आहेत, म्हणून सांगे_डेव्ह यांच्याकडे दोन कंट्रोलर बरोबरच आहेत.

आता फॉर्म का अडतो ते. फॉर्म_विथ ला मॉडेल दिलं की तो दोन गोष्टी मॉडेलच्या नावावरून ठरवतो: कुठल्या युआरएलला पाठवायचं, आणि पॅरॅम्स कुठल्या किल्लीखाली पाठवायचे. मोटराइज्डबोट दिली की युआरएलसाठी मोटराइज्ड_बोट्स_पाथ शोधतो, आणि किल्ली मोटराइज्ड_बोट होते, म्हणजे कंट्रोलरमधला 'रिक्वायर बोट' उपाशी राहतो. दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगून टाका. स्कोपला 'बोट' द्या. युआरएलला, रेकॉर्ड नवं असेल तर बोट्स_पाथ आणि जुनं असेल तर त्या रेकॉर्डसह बोट_पाथ. पोस्ट की पॅच हे फॉर्म_विथ अजूनही मॉडेल साठवलेलं आहे की नाही यावरूनच ठरवतो, ते सांगावं लागत नाही. रिडायरेक्ट करतानाही नुसता ऑब्जेक्ट देऊ नका, बोट_पाथ लिहा. बस एवढंच, मॉडेलला हात लागत नाही.

'बिकम्स' बद्दल. रेल्सच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तो याच कामासाठी सुचवला आहे: सबक्लासचा ऑब्जेक्ट पेरेंटच्या रूपात द्यायचा म्हणजे पेरेंटचं पार्शल लागतं. साध्या यादीसाठी ठीक. फॉर्मसाठी मी टाळतो. बिकम्सने मिळालेला ऑब्जेक्ट खरोखर पेरेंट क्लासचा असतो, त्यामुळे सबक्लासमध्ये लिहिलेल्या मेथड, स्टोअर_अ‍ॅक्सेसर, अ‍ॅट्रिब्यूट अ‍ॅक्सेसर त्याच्यावर नसतात. आऊटबोर्डचा सिरीयल नंबर तुम्ही असा सबक्लासमध्ये ठेवलात तर फॉर्म तिथेच कोसळेल.

'मॉडेल_नेम' ओव्हरराइड करण्याला माझा ठाम विरोध आहे. पेरेंटमध्ये 'इनहेरिटेड' हुक लिहून सगळ्या मुलांना पेरेंटचं नाव द्यायचं, ही युक्ती पाच ओळींत बसते म्हणून लोकांना आवडते. पण त्या नावावर फक्त रूट अवलंबून नसतं. भाषांतराच्या फाइलमधल्या किल्ल्या त्यावरून निघतात, म्हणजे 'यांत्रिक नौका', 'मोटरची होडी' अशी वेगळी मराठी नावं आणि वेगळे एरर संदेश देता येत नाहीत, सगळे 'नौका' होतात. डॉम आयडी त्यावरून, पार्शलचा पाथ त्यावरून. पंडित जेम (कोणाला काय करता येईल ते ठरवणारी लायब्ररी) वापरत असाल तर पॉलिसीचा क्लासही तो मॉडेल_नेम वरूनच शोधतो. एका फॉर्मच्या सोयीसाठी परवानगीची व्यवस्था हलवायची नसते.

तिसवाडीकर

पंडित वापरतोय, त्यामुळे हा मुद्दा थेट लागू पडतो. पण लिंक खूप ठिकाणी आहेत. प्रत्येक जागी बोट_पाथ लिहायचा की एखादी मध्यवर्ती सोय आहे?

काणकोण_बॅकएंड

आहे. रेल्स ५.१ मध्ये रूटच्या फाइलसाठी 'रिझॉल्व्ह' आला. त्याला सबक्लासचं नाव द्यायचं आणि ब्लॉकमध्ये 'रूट_फॉर' ने सांगायचं की हा ऑब्जेक्ट आला तर बोटचा पत्ता दे. तीन सबक्लास, तीन ओळी. मग लिंक_टू, रिडायरेक्ट_टू, फॉर्म_विथ सगळे, साठवलेल्या नौकेचा नुसता ऑब्जेक्ट दिला तरी बोट्सच्या पत्त्यावर जातात, आणि मॉडेल_नेम जसंच्या तसं राहतं.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. नेमस्पेस किंवा स्कोपच्या आत रिझॉल्व्ह लिहिता येत नाही. आणि तो फक्त एकटा ऑब्जेक्ट दिला तरच लागू होतो. अ‍ॅडमिन आणि नौका असा अ‍ॅरे देऊन पत्ता बनवत असाल तर तिथे तो उपयोगाचा नाही, अ‍ॅडमिन_बोट_पाथ हातानेच लिहा. फॉर्ममधली स्कोपची ओळही ठेवावीच लागेल, कारण रिझॉल्व्ह पत्ता बदलतो, पॅरॅम्सची किल्ली बदलत नाही.

सांगे_डेव्ह

दर्यावर्दी यांचा मुद्दा पटला. पत्ता प्रकाराबरोबर बदलत असेल तर माझी रचना इथे बसत नाही.

पण एक शंका राहते. एका कंट्रोलरमध्ये फील्डच्या याद्या आणि फॉर्मचे वेगळे भाग कुठे ठेवणार? तिथेच जर-तर परत घुसते.

फोंड्याचा_रुबीवाला

रास्त शंका. फॉर्म एकच, मधला भाग पार्शल. प्रत्येक सबक्लासला 'प्रकार_कोड' अशी एक मेथड द्या, ती एमएम, एमओ किंवा एनएम परत करील. फील्ड्सच्या फोल्डरमध्ये त्या नावाची तीन पार्शल ठेवा आणि फॉर्ममध्ये कोडवरून रेंडर करा. परमिटची यादी कंट्रोलरमध्येच, सामाईक फील्ड एका कॉन्स्टंटमध्ये आणि प्रकाराची फील्ड त्याच कोडच्या हॅशमध्ये. ही यादी मॉडेलमध्ये नको. फॉर्ममधून काय येऊ द्यायचं हा दारावरचा निर्णय आहे.

नियम मात्र मॉडेलमध्ये. 'बंदीत जाता येतं का' ही मेथड तिन्ही सबक्लासमध्ये लिहा. यांत्रिकी सरळ नाही म्हणेल, मोटरवाली अश्वशक्ती आणि जाळं बघून उत्तर देईल. इंधनाची चिठ्ठी काढणारा कंट्रोलर फक्त नौकेला विचारतो, ती कुठल्या प्रकारची आहे हे त्याला कळायची गरज पडत नाही. कंट्रोलरमध्ये कुठेही 'इज_ए' (ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचा हे तपासणारी मेथड) दिसला की समजा, ती ओळ सबक्लासमध्ये जायला हवी.

प्रकार बदलण्यासाठी एडिट फॉर्ममध्ये ड्रॉपडाऊन देऊ नका. वेगळा छोटा कंट्रोलर करा, बोटखाली नेस्टेड, त्यात फक्त नवा फॉर्म आणि क्रिएट. आत 'बिकम्स' उद्गारचिन्हासह, म्हणजे जो टाइप कॉलमही बदलतो तो. त्यातून मिळालेल्या ऑब्जेक्टवर नव्या प्रकाराची फील्ड भरा आणि तोच सेव्ह करा. व्हॅलिडेशन नव्या क्लासची चालतील. दोन्ही ऑब्जेक्ट तीच अ‍ॅट्रिब्यूट वापरतात, त्यामुळे जुन्या व्हेरिएबलचाही टाइप बदललेला असतो. सेव्ह फसलं तर जुना ऑब्जेक्ट व्ह्यूला देऊ नका, रिलोड करून घ्या.

दर्यावर्दी

त्या वेगळ्या पानावर तारीख आणि कारण विचारा. मोटर कधी बसवली हे मागाहून कोणालाच आठवत नाही, आणि इंधनाचा हिशेब त्याच तारखेपासून बदलतो.

तिसवाडीकर

घेतलं. 'प्रकार_बदल' नावाचं वेगळं टेबल करतो: जुना कोड, नवा कोड, तारीख, कारण, नोंद करणारा. बदल आणि नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

पेडणे_नवा

मी इथलं वाचून एक छोटं अ‍ॅप करून बघतोय. ड्रॉपडाऊनसाठी बोट.डिसेंडंट्स वापरलं तर माझ्या मशीनवर यादी रिकामी येते. कन्सोलमध्ये एकदा सबक्लासचं नाव टाइप केलं की मग येते.

काणकोण_बॅकएंड

डेव्हलपमेंटमध्ये झाईटवर्क (रेल्सचा कोड लोड करणारा भाग) क्लासची फाइल नाव घेतल्यावरच लोड करतो. ज्याचं नाव कोणी घेतलं नाही तो सबक्लास पेरेंटला माहीत नसतो. प्रॉडक्शनला ईगर लोड चालू असतो, म्हणजे सगळे क्लास सुरुवातीलाच लोड होतात, म्हणून ही अडचण तिथे दिसत नाही. तुमच्या ड्रॉपडाऊनला वर सांगितलेला हॅशच वापरा, प्रश्नच मिटतो.

@तिसवाडीकर, तुम्हाला हे दुसऱ्या जागी नडू शकतं. उद्या मेकनाइज्डबोटखाली ट्रॉलर आणि पर्सीन असे नातवंडं-क्लास केलेत, आणि ते लोड झालेले नसताना मेकनाइज्डबोटची यादी मागितली, तर क्वेरीतल्या टाइपच्या अटीत त्यांची नावंच नसतात. ट्रॉलर टेबलात असून यादीत येत नाहीत. एररही येत नाही, म्हणून शोधायला कठीण. नौकांचे सगळे क्लास एका फोल्डरमध्ये ठेवा आणि कॉन्फिगमध्ये 'टू_प्रिपेअर' ब्लॉकात झाईटवर्कच्या मुख्य लोडरला त्या फोल्डरवर 'ईगर_लोड_डिर' सांगा. कोड रिलोड झाला की तो ब्लॉक पुन्हा चालतो.

तिसवाडीकर

ट्रॉलर आणि पर्सीन वेगळे करायची मागणी खरंच येणार आहे, जाळ्यांचे नियम वेगळे आहेत. पण त्यासाठी क्लास नको असं आता वाटतंय, जाळ्याचा प्रकार कॉलमच पुरेल. वागणूक बदलली तर सबक्लास, नुसती माहिती बदलली तर कॉलम.

शेवटचा प्रश्न. यांत्रिकीची फील्ड वाढत गेली, इंजिन, वायरलेस, विमा, खलाशी, तर हे टेबल फार रुंद होईल. आत्ताच डेलिगेटेड टाइप (सामाईक माहिती एका टेबलात, प्रकाराची वेगळ्या टेबलात) घ्यावा का? रेल्स ६.१ पासून तो आहेच.

फोंड्याचा_रुबीवाला

आत्ता नको. तीन प्रकारांत वेगळे कॉलम थोडे आहेत, आणि प्रकार बदलायची गरज आहे. डेलिगेटेड टाइपमध्ये प्रत्येक प्रकाराचं वेगळं टेबल असतं, म्हणजे मोटर बसवली की एका टेबलातली ओळ काढून दुसऱ्यात घालायची. इथे ते एका कॉलमच्या बदलात होतंय.

रिकाम्या कॉलमची काळजी असेल तर डेटाबेसमध्ये चेक कन्स्ट्रेंट लावा: टाइप मोटराइज्डबोट असेल तर अश्वशक्ती रिकामी नसावी. मायग्रेशनमध्ये ते लिहायची सोयही ६.१ पासून आहे. पुढे टेबल खरंच रुंद झालं आणि डेलिगेटेड टाइपकडे गेलात तरी पत्ता बोट्सच राहील, कंट्रोलरही हाच. फॉर्मच्या मधल्या भागात आणि परमिटच्या यादीत तेवढा बदल करावा लागेल.

तिसवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एक कंट्रोलर, कोडचा हॅश, रूटमध्ये रिझॉल्व्ह, प्रकार बदलाचं वेगळं पान, असं ठरलं. @दर्यावर्दी, चाचणीसाठी होडी एनएमची एमओ होऊन परत एनएम होते हा प्रसंग मी लिहितोय. परत एनएम झाल्यावर आऊटबोर्डची माहिती पुसायची की ठेवायची?

दर्यावर्दी

नौकेवरून पुसा, पण प्रकार बदलाच्या नोंदीत जुनी कंपनी, सिरीयल नंबर आणि अश्वशक्ती राहू दे. तीच मोटर पुढच्या महिन्यात भावाच्या होडीवर दिसते, तेव्हा क्लार्कला ती नोंद लागते.